खो देणारा हात : धाराशिव परिसरातील खो-खो आणि नेतृत्वाची कल्पना

१

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागात लोहारा हा लहानसा तालुका आहे. पूर्वी हा भाग उमरगा तालुक्यात अंतर्भूत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर ज्या गावांचा विध्वंस झाला, त्यांपैकी सास्तूर हे याच तालुक्यातील गाव. पर्जन्यमान बेभरवशाचे, शेती बहुतांशी कोरडवाहू आणि शाळेचे पटांगण हीच क्रीडेची मुख्य जागा, अशी या परिसराची सर्वसाधारण स्थिती आहे. अशा प्रदेशात क्रीडेतील नेतृत्व आणि विजयाकांक्षा यांचा विचार करावयाचा, तर ज्या खेळाला दोन खांब, सपाट जमीन आणि फक्कीने आखलेल्या रेषा यांपलीकडे फारसे काही लागत नाही, त्या खो-खोकडेच प्रथम वळावे लागते.

क्रीडानेतृत्वाची जी चर्चा जगभर चालते, ती बहुधा धनसंपन्न व्यावसायिक खेळांच्या आधारे चालते. उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकी हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९१७ मध्ये माँट्रियल येथे स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये कर्णधाराच्या अंगरख्यावर 'सी' हे अक्षर असते; नेतृत्व तेथे छातीवर लिहिलेले असते. परंतु त्याच खेळाची एक दुसरी प्रथा अधिक विचारार्ह आहे. गोल नोंदविणाऱ्या खेळाडूबरोबरच त्याच्याकडे चकती पोहोचविणाऱ्या जास्तीत जास्त दोन सहकाऱ्यांच्या नावावरही त्या गोलाचे साहाय्य गुणरूपाने मांडले जाते. देणाऱ्याचे श्रेय तेथे आकड्यांत उतरते.

खो-खोमध्ये स्थिती नेमकी उलट आहे. संपूर्ण खेळच देण्यावर उभा आहे. परंतु देणाऱ्याची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. या विसंगतीचा शोध घेतल्यास, धाराशिवच्या मातीत घडलेल्या नेतृत्वाचे स्वरूपही अधिक स्पष्ट होऊ शकेल.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. विजयाच्या मनोवृत्तीसाठी मराठी क्रीडालेखनात 'विजिगीषू वृत्ती' हा शब्दप्रयोग रूढ आहे. 'विजिगीषा' हे 'वि' या उपसर्गासह 'जि' धातूच्या इच्छार्थक, म्हणजे सन्नन्त, रूपापासून बनलेले नाम आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त विजिगीषू राजा हा मंडलाचा केंद्रबिंदू असून त्याचे शत्रू आणि मित्र त्याच्या सभोवती कल्पिलेले आहेत. या शब्दाच्या मुळाशी एकट्या पुरुषाची, सिंहासनावरून चोहोंकडे पाहणाऱ्याची प्रतिमा आहे. 'कर्णधार' हा शब्दही याच जातीचा. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे सुकाणू. ते हाती धरणारा तो कर्णधार. नौका एक, सुकाणू एक आणि धरणारा हातही एकच.

याच्या शेजारी बोलीत वावरणारा 'जिद्द' हा शब्द ठेवून पाहावा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'विरुद्ध' किंवा 'विरोध' असा असून तो फारसीच्या द्वारे भारतीय भाषांत आला. हिंदीत त्याला हट्टाची छटा प्राप्त झाली. मराठीत मात्र तो निश्चयाचा, न खचण्याचा वाचक ठरला. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधील अंतर खो-खोच्या मैदानावर प्रत्यक्ष दिसते, हे पुढे स्पष्ट होईल.

'गडी' हा शब्दही लक्षणीय आहे. शेतावर राबणारा तो गडी, खेळातील भिडूही गडी आणि सोबती तो सवंगडी. स्त्रियांच्या सामन्याच्या वृत्तातही अमुक खेळाडूने इतके 'गडी बाद केले' असेच लिहिले जाते. खेळाच्या भाषेने या शब्दाचे लिंग आणि त्यातील चाकरीचा भाव, दोन्ही पुसून टाकले आहेत.

सर्वांत बोलका इतिहास 'खो' या एकाक्षरी शब्दाचा आहे. मैदानावर 'खो देणे' म्हणजे पाठलागाचा अधिकार सहकाऱ्याच्या स्वाधीन करणे. मैदानाबाहेर मात्र 'एखाद्याच्या कामात खो घालणे' म्हणजे विघ्न आणणे आणि 'एकमेकांना खो देणे' म्हणजे जबाबदारी झटकणे. व्यवहाराने या शब्दाला जो हिणकस अर्थ दिला, तो खेळातील अर्थाच्या अगदी विरुद्ध आहे. कार्यालयात खो देणारा कामापासून सुटका करून घेतो. मैदानावर खो देणारा काम तडीस नेण्यासाठी स्वतः बाजूला होतो.

३

हा भेद खेळाच्या रचनेतूनच उद्भवतो. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मधल्या पट्टीतील चौरसांत बसतात. त्यांची तोंडे एकाआड एक विरुद्ध दिशांना असतात. नववा धावतो. एकदा एका खांबाची दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडून पलीकडेही जाता येत नाही. बचाव करणाऱ्यास असे कोणतेही बंधन नाही. तो बसलेल्या दोघांमधून सहज पलीकडे निसटतो. अशा वेळी धावणाऱ्यापुढे एकच मार्ग उरतो. पलीकडे तोंड करून बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीस हात लावून त्याच क्षणी 'खो' असे स्पष्ट उच्चारणे आणि स्वतः त्याच्या चौरसात बसणे. स्पर्श आणि उच्चार एकाच वेळी व्हावे लागतात, आणि खो मिळण्यापूर्वी बसलेल्यास उठता येत नाही.

या नियमांत नेतृत्वाविषयीचा एक विचार दडलेला आहे. निसटलेल्या प्रतिस्पर्ध्यास आपणच टिपू, असा हट्ट धरणारा वेगवान खेळाडू संघाची बहुमोल सेकंदे वाया घालवितो. हिंदीतील अर्थाने 'जिद' करणारा येथे हरतो. मराठी अर्थाची जिद्द म्हणजे पाठलाग न सोडणे; परंतु तो पाठलाग स्वतःच्या पायांनी पुरा झाला पाहिजे, अशी अट त्या जिद्दीत नसते. बसलेल्या आठ जणांची वृत्तीही तितकीच महत्त्वाची आहे. हाक येईपर्यंत न उठणे आणि हाक येताच क्षणाचाही विलंब न करणे, या दोन परस्परविरोधी गोष्टी त्यांना एकाच वेळी साधाव्या लागतात.

कर्णधाराचे अधिकारही याच पद्धतीचे आहेत. नाणेफेक जिंकल्यास आधी आक्रमण करावयाचे की संरक्षण, हे तो ठरवितो. संरक्षणासाठी खेळाडू तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. त्या तुकड्यांचा क्रम लावणे हा त्याच्या परीक्षेचा भाग. नऊ मिनिटांचे आक्रमण वेळेपूर्वी आटोपते घेण्याचा निर्णयही त्याचाच. एकदा पाठलाग सुरू झाला की मात्र सुकाणू त्याच्या हाती राहत नाही. ते प्रत्येक 'खो'बरोबर हात बदलते. 'कर्णधार' हा शब्द या खेळास पूर्णपणे लागू पडत नाही, असे म्हणावे लागते.

गुणपत्रिका मात्र वेगळीच कथा सांगते. कोणी गडी बाद केला आणि कोणी किती वेळ संरक्षण केले, एवढेच तीत उतरते. स्पर्धेच्या अखेरीस पारितोषिके दिली जातात ती उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि अष्टपैलू खेळाडू यांना. ज्याच्या अचूक खोमुळे तो गडी बाद झाला, त्याचे नाव कोठेही राहत नाही.

४

या खेळास नियमबद्ध रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने पुणे आणि बडोदे येथील संस्थांकडे जाते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियमांची बांधणी केली. पुढे खो-खोचे अखिल भारतीय संघटन उभे राहिले आणि विजयवाडा येथे १९५९-६० मध्ये पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यानंतर कोल्हापूर येथे स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेस प्रारंभ झाला.

मराठवाड्याचा इतिहास यापेक्षा वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. पुण्या-बडोद्याप्रमाणे जिमखाने आणि आखाडे यांची सुसंघटित परंपरा येथे नव्हती. सार्वजनिक नेतृत्व घडले ते पुष्कळ अंशी शाळांतून. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे या शाळेत अध्यापन करीत होते. अधिकारपदावाचून, शिक्षकाच्या आसनावरून नेतृत्व करण्याची ही परंपरा होय. खो-खोचा प्रसारही या जिल्ह्यात शाळेचे पटांगण आणि प्रशिक्षक यांच्याच आधारे झाला, ही गोष्ट त्या परंपरेशी सुसंगतच आहे.

या प्रसाराचे सर्वांत परिचित फळ म्हणजे सारिका काळे. धाराशिव येथे डॉ. चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा खेळ घडला. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथे बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्या संघाच्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्यास हा सन्मान तब्बल बावीस वर्षांनी आला होता. त्यापूर्वीच तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून त्यांची नियुक्ती झालेली होती.

या यशामागील परिस्थिती त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितली आहे. घरच्या दारिद्र्यामुळे कित्येक वर्षे दिवसाकाठी एकाच जेवणावर त्यांना राहावे लागले. आर्थिक विवंचनेमुळे २०१६ मध्ये खेळ सोडून देण्याचाही विचार त्यांनी केला होता. प्रशिक्षकांनी समजूत घातल्यानंतर त्या मैदानावर परतल्या. ज्या वर्षी संघाने सुवर्णपदक मिळविले, त्याच वर्षी त्याच्या कर्णधारावर खेळ सोडण्याची वेळ यावी, ही बाब साधी नाही. विजिगीषा ही केवळ मनाची शक्ती आहे, असे मानणाऱ्यांना या घटनेचा उलगडा होणार नाही. पोटास अन्न, घरास आधार आणि पडत्या क्षणी पाठीवर ठेवला जाणारा एक हात यांवाचून ती टिकत नाही. मैदानावरील खोचेच हे मैदानाबाहेरील रूप आहे आणि त्याचीही नोंद कोणत्याच पत्रिकेत होत नाही.

५

२०२२ पासून खो-खोस व्यावसायिक रूपही प्राप्त झाले. पुण्यातील बालेवाडी येथे सहा संघांची अल्टिमेट खो-खो ही स्पर्धा त्या वर्षी प्रथम झाली. पारंपरिक नऊऐवजी सात खेळाडू आणि कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला 'वजीर' हे तिचे ठळक विशेष. दिशेचे बंधन सैल होताच एकट्या खेळाडूचे मोल वाढते. व्यावसायिक खेळास पराक्रमी व्यक्ती हवी असते, हे त्याचे कारण उघड आहे. तथापि 'वजीर' या अरबी शब्दाचा परंपरेने सांगितला जाणारा अर्थ 'भार वाहणारा' असा आहे, हे विसरता येत नाही. नव्या नियमानेही नकळत राजाचे नव्हे, तर भारवाहकाचेच नाव निवडले.

त्या पहिल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजचा ४६-४५ असा अवघ्या एका गुणाने पराभव केला. अखेरच्या काही सेकंदांत सूरज लांडे यांनी सूर मारून टिपलेला गडी निर्णायक ठरला. स्मरणात राहिला तो हा सूर. पराभूत संघात प्रतीक वाईकर होते. तेच पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारतीय पुरुष संघाचे कर्णधार झाले. १९ जानेवारी रोजी त्या संघाने नेपाळवर ५४-३६ असा विजय मिळविला. महिला संघाने प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली नेपाळलाच ७८-४० असे नमविले. या महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे यांचा समावेश होता. सारिका काळे यांच्यानंतर नऊ वर्षांनी त्याच नगरातील खेळाडू जगज्जेत्या संघात दिसावी, यावरून एका व्यक्तीच्या यशापेक्षा हात बदलत गेलेली परंपराच अधिक बलवान असल्याचे दिसते.

६

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. खो-खोतील विजयवृत्ती ही विजिगीषू राजाच्या प्रतिमेने समजावून घेता येत नाही; योग्य क्षणी अधिकार सोडण्याची शिस्त हा तिचा गाभा आहे. या जिल्ह्यातील शिक्षकप्रधान सार्वजनिक परंपरेशी ही शिस्त जुळणारी आहे. परंतु केवळ गुणपत्रिकांच्या आधारे लिहिलेला खेळाचा इतिहास हे नेतृत्व पाहू शकत नाही, कारण ती साधनेच बाद करणाऱ्याला आणि बचावणाऱ्यालाच पाहतात.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ग्रामीण भागातील मुलीच्या दृष्टीने खेळातील निवड, पारितोषिक आणि प्रमाणपत्र यांचा संबंध थेट उपजीविकेशी पोहोचतो. जिचे नाव नोंदीत येते तिची निवड सुकर होते. जिचा खो अचूक असतो, परंतु जिच्या नावावर गडी नसतात, ती मागे राहण्याचा धोका आहे. बर्फावरील हॉकीने साहाय्य करणाऱ्याचा रकाना फार पूर्वीच आखला. खो-खोच्या गुणपत्रिकेत बाद झालेल्या प्रत्येक गड्यासमोर शेवटचा खो देणाऱ्याचा क्रमांक लिहिण्यास एका अरुंद रकान्याहून अधिक जागा लागणार नाही. अशा नोंदी तालुका पातळीवरील शालेय सामन्यांपासून ठेवल्या गेल्या, तर लोहारा, उमरगा किंवा तुळजापूर येथील पटांगणांवर कोणती मुलगी खऱ्या अर्थाने संघ चालवीत होती, हे पुढील अभ्यासकास आणि त्याहूनही आधी निवड समितीस कळू शकेल.