घरच्या मातीचा दूरस्थ अभ्यास



पुरातत्त्वाचा अभ्यास करायचा तर पुण्यासारख्या विद्येच्या शहरी जाऊन राहिले पाहिजे, असा आपल्याकडे समज आहे. तो अगदीच खोटा नाही. नगर जिल्ह्यातले जोर्वे १९५०-५१ मध्ये उकरले गेले, पुढे १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाचे टेकाड खणले गेले. ती कामे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. शां. भा. देव आदी डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी केली. विद्या पुण्यात, माती नगर जिल्ह्यात! आम्ही आज विचारणार आहोत तो प्रश्न एवढाच, की या दोहोंतले अंतर कोणी तोडायचे? विद्येने मातीकडे यायचे, की मातीतल्या माणसाने घरदार सोडून विद्येकडे जायचे?

प्रथम विषयाची ओळख करून घेऊ. लेखनकला नव्हती त्या काळाचा शोध मातीवरूनच घ्यावा लागतो. परंतु जेथे माती आहे आणि कागद, ताम्रपट, शिलालेखही आहेत, तेथे दोन्हींची साक्ष एकमेकींशी ताडून पाहणारे जे शास्त्र, ते ऐतिहासिक पुरातत्त्व. नेवाशाचेच पाहा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते हे गाव. ग्रंथाने त्या काळची वाणी राखली. पण तेथे राहणाऱ्यांची मडकी कशी होती, घरे कशाची होती, हे ग्रंथ सांगत नाही. ते टेकाडाला विचारावे लागते. त्या टेकाडाच्या खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली, मधल्या थरांत रोमन व्यापाराबरोबर आलेल्या मद्यकुंभांची खापरे निघाली, आणि अगदी वरच्या थरात मुसलमानी व मराठी अमदानीच्या खुणा आढळल्या.

कागद खोटे बोलतो असे नव्हे. पण त्याला सगळे सांगायचे नसते. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे विल्यम राथजे यांनी १९७३ मध्ये टूसॉन शहरातल्या घरोघरच्या केरकचऱ्याचा पुरातत्त्वाच्या पद्धतीने अभ्यास सुरू केला. लोकांनी आपण किती दारू पितो म्हणून सांगितले होते, त्याहून पुष्कळ अधिक बाटल्या कचऱ्यात निघाल्या! तेव्हा हे शास्त्र शेकडो वर्षांपूर्वीच्याच गोष्टींचे असते असे नाही. कालपरवाच्या आयुष्यालाही ते लागू पडते.

म्हणूनच आम्ही पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे उदाहरण घेतो. या गावाची कीर्ती आपण सर्वजण जाणता. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून कामाला आरंभ केला. दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. नाल्यांवर बांध पडले, डोंगरउतारावर चर निघाले, पाझर तलाव धरला. यावर अहवाल लिहिले गेले, पुस्तके निघाली. परंतु पुरातत्त्वाचा विद्यार्थी निराळे विचारील. भट्ट्या नेमक्या कोणत्या जागी होत्या? पहिला बांध कोणता, त्याचा दगड कोठून आणला, पुढे तो किती वेळा डागडुजीला आला? विहिरींची जुनी पातळी दाखवणाऱ्या खुणा त्यांच्या बांधणीत कोठे उरल्या आहेत? जुन्या मंदिराचे लाकूड भट्ट्यांत जळाले असे सांगतात; या सांगण्याला जागेवर कोणता पुरावा मिळतो? ही उत्तरे अहवालात थोडी, जमिनीवर अधिक आणि वृद्धांच्या आठवणीत सर्वांत अधिक आहेत. जमीन थांबेल; आठवण थांबणार नाही. ज्यांनी त्या वेळी पाटी उचलली, ती माणसे आता थकली आहेत.

मग हे काम करील कोण? समजा, त्या गावातली एखादी शिक्षिका आहे. तिची शाळा आहे, संसार आहे, घरची शेती आहे. दोन वर्षे पुण्यास राहून एम. ए. करणे तिला शक्य नाही. तिच्यासाठी दूरशिक्षण आहे. ही कल्पना नवी नव्हे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू दिले; दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले; १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. खुद्द ऐतिहासिक पुरातत्त्वाची एम. ए. पदवी इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठाने दूरशिक्षणाने दिलेली आहे.

यावर कोणी म्हणेल, पोहणे पुस्तकावरून येत नाही, तसे पुरातत्त्वही येणार नाही. आक्षेप खरा आहे. खापर हातात धरून त्याची भाजणी ओळखणे, थराचा बदल डोळ्यांनी टिपणे, हे गुरूजवळ बसूनच शिकावे लागते. म्हणून सुट्टीतली शिबिरे आणि चालू उत्खननावरचे काही आठवडे यांवाचून असली पदवी पोकळ ठरेल. शिवाय १९५८ च्या कायद्याखाली परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. तेव्हा आमच्या शिक्षिकेने कुदळ हाती घेऊच नये. तिने नकाशा काढावा, मोजमाप घ्यावे, छायाचित्र घ्यावे, म्हाताऱ्यांची साक्ष तारखेसह लिहावी आणि मोडी शिकून जुने कागद वाचावेत. एवढे काम एका जन्माला पुरेल!

आणि हे शिक्षण गावात नसल्याने काय घडते, ते याच जिल्ह्याने पाहिले आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचे खोड खणताना गावातल्याच माणसाला काशाच्या चार भारी वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. साठ किलोंहून अधिक वजनाचा तो ठेवा जगभर गाजला. परंतु तो कोणत्या थरात होता, याची नोंद काढतेवेळी झाली नाही. त्यामुळे त्याच्या काळाबद्दल पंडितांत वाद राहिला. दोष सापडणाऱ्याचा नव्हे. थर म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. वस्तू वाचली, तिची साक्ष अर्धी हरवली.

श्रोतेहो, दूरशिक्षण या शब्दातले 'दूर' कोणाला लावायचे, याचा आपण विचार करावा. राळेगणची ती शिक्षिका विद्यापीठापासून दूर असेल. पण पुराव्यापासून ती दूर नाही. बांध तिच्या वाटेवर आहे, विहीर तिच्या शेतात आहे, साक्षीदार तिच्या ओसरीवर येऊन बसतो. दूर आहे ते विद्यापीठ. त्याने टपालाने, तारेने, बिनतारी, जसे जमेल तसे तिच्या दाराशी यावे, आणि तो म्हातारा ओसरीवर आहे तोवर यावे, एवढेच आमचे मागणे आहे.