किनाऱ्याने निवडलेले इंजिन

होडीचे इंजिन पोटात बसवायचे की मागे फळीला टांगायचे, याचा निवाडा गोव्यात बाजाराने नव्हे, किनाऱ्याने केला, असे माझे मत आहे. त्यासाठी डिचोली आणि पेडणे या दोन महालांची जोडी पुरेशी आहे. दोन्ही महाल १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत गेले; इंजिनाच्या बाबतीत मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डिचोलीला समुद्र नाही, मांडवी आहे. सारमानसच्या धक्क्यावर लोहखनिज भरून मुरगावकडे जाणाऱ्या हजार-दोन हजार टनांच्या बार्जींचे डिझेल इंजिन पोटातच असे. नार्वे–दिवाडी फेरीबोटही तशीच. माल जड, पाणी वाऱ्यापासून आडोशाचे आणि टेकायला बांधीव धक्का असला, की पंखा कायम पाण्याखाली राहिला तरी बिघडत नाही. पेडण्यातही केरी–तेरेखोल फेरीचे इंजिन पोटातच आहे, कारण तिलाही दोन्ही काठांवर धक्का आहे.

पेडण्याच्याच मोरजी, मांद्रे, हरमलच्या वाळूवर मात्र हे चालत नाही. इथे होडी लाटेवरूनच किनाऱ्याला लागते. उथळ पाणी आले की मागे बसलेला पागी, म्हणजे मच्छीमार, मोटर बिजागरीवर उचलतो, निथळता पंखा वर येतो आणि होडीचा तळ वाळूला घासत थांबतो. मग पकडीचे स्क्रू सैल करून मोटर खांद्यावरून खोपीत जाते आणि रिकामी होडी माणसे वर ओढतात. तळातून बाहेर आलेला दांडा आणि पंखा असलेली होडी इथे पहिल्याच लाटेत मोडेल. मुक्तीनंतर १९६०च्या दशकात सरकारी कर्जांच्या आधाराने ट्रॉलर आले, तेही म्हणूनच मालीम, कुटबण, खारीवाडा, शापोरा अशा धक्क्यांभोवती जमले. त्यांच्या जाळ्यांविरुद्ध १९७०च्या दशकात मतानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रांपण जाळे ओढणारे मच्छीमार, उठले आणि १९८०च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानंतर किनाऱ्यालगतचे ५ किलोमीटर पाणी लहान होड्यांसाठी राखले गेले. त्या पट्ट्यात पुढे पसरली ती मागे फळीला टांगायची आउटबोर्ड मोटर.

आक्षेप असा, की आउटबोर्ड इंधन खूप पिते. डिझेलचे इंजिन स्वस्तात चालते आणि जास्त टिकते. हे खरे आहे, आणि रोज दूर जाणाऱ्याला तो हिशेब भारी पडतो. पण वाचलेले इंधन धक्का नसलेल्या गावात दुरुस्तीत आणि दूरच्या बंदराच्या फेऱ्यांत जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पूर्व किनाऱ्यासाठी बंगालच्या उपसागराच्या मत्स्य कार्यक्रमाने पोटातल्या डिझेल इंजिनाचाच पंखा उचलता येईल अशी होडी घडवली होती. पण त्या रचनेने माझेच म्हणणे पुरे केले. वाळूवर उतरायचे, तर पोटातल्या इंजिनालाही पंखा वर उचलायला शिकावे लागले.

म्हणून मासेमारीच्या अनुदानाचे नियम ठरवताना अश्वशक्तीआधी एक गोष्ट विचारावी: ही होडी रात्री कुठे उभी राहते? धक्क्याला असेल तर डिझेलला मदत द्या. वाळूवर असेल तर हलकी, कमी इंधन पिणारी, उचलता येणारी मोटर द्या.