अश्रू पुसणारं गाव

आज आपण आफ्रिकेतल्या रवांडा देशात जाऊया. हा देश आपल्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. डोंगरउतारावर केळी, चहा, आणि हो, आपल्यासारखी ज्वारीसुद्धा पिकवणारा.

१९९४ साली एप्रिल ते जुलै अशा शंभर दिवसांत तिथं तुत्सी समाजाचा वंशसंहार झाला. सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. कित्येक ठिकाणी शेजाऱ्यानंच शेजाऱ्याला मारलं. मागं उरली पोरकी लेकरं. कुठं थोरली बहीणच घरची कर्ती झाली. कुठं स्वतःची मुलं गमावलेल्या बाईनं दुसऱ्याची मुलं पोटाशी धरली. पण बाईच्या हातात जमीन कुठं होती? मुलींना मुलांच्या बरोबरीनं वारसाहक्क देणारा कायदा तिथं १९९९ साली आला.

अ‍ॅन हेमन नावाच्या बाई होत्या. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, राहायच्या अमेरिकेत. २००५ साली रवांडातल्या अनाथ मुलांची हकिकत त्यांच्या कानावर आली. त्यांना आठवलं, की दुसऱ्या महायुद्धातल्या संहारानंतर इस्रायलमध्येही असाच प्रश्न होता. तिथं पोरक्या मुलांसाठी गावंच वसवली गेली. त्यातलं एक १९५३ सालचं येमिन ओर्दे. तोच नमुना घेऊन २००८ च्या डिसेंबरात पूर्व रवांडातल्या र्वामागाना जिल्ह्यात ‘अगाहोझो-शालोम’ हे गाव सुरू झालं. अगाहोझो म्हणजे जिथं अश्रू पुसले जातात अशी जागा. शालोम म्हणजे शांती.

हे वसतिगृह नाही बरं का, घरांचं गाव आहे. प्रत्येक घराला एक आई. तिला तिथं ‘मामा’ म्हणतात. ऐकून आपल्याला हसू येईल, पण त्यांच्याकडे मामा म्हणजे आईच! सुरुवातीच्या या आयांपैकी कित्येकींनी संहारात स्वतःचं घरदार गमावलं होतं. मुलं येतात ती मोठी, माध्यमिक शाळेच्या वयाची. शाळा, शेती आणि घर एकाच आवारात. संहारात पोरकी झालेली मुलं आता मोठी झाली. आज तिथं इतर निराधार मुलं शिकतात.

आता स्वयंसेवकांचं पाहू. सुरुवातीच्या काळात येमिन ओर्देमध्ये वाढलेले इथिओपियन वंशाचे तरुण इथं मदतीला आले. अशा गावात वाढणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वर्षभर राहणाऱ्या परदेशी स्वयंसेवकाला एकेका घराशी जोडतात आणि आते-मामेभावंडाचं नातं देतात.

थोड्या दिवसांसाठी येणारे तरुणांचे गटही असतात. त्यांची माया खोटी नसते. पण आधीच सगळी माणसं गमावलेल्या लेकराला आठ दिवस जीव लावायचा आणि निघून जायचं, हा त्याला पुन्हा एक वियोगच. म्हणून आम्हाला वाटतं, आठ दिवसांच्या पाहुण्यानं आयांच्या हाताखाली काम करावं. रवांडात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गावोगाव श्रमदान असतं, त्याला ‘उमुगांडा’ म्हणतात. तिथं कुदळ धरावी. लेकराला कुशीत घेण्याचा मान मात्र राहणारीचा.

२०१४ साली अ‍ॅन हेमन अपघातात वारल्या. गाव मात्र थांबलं नाही. गावच्या जमिनीवर साडेआठ मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प उभा राहिला आणि त्या जागेच्या भाड्याचा खर्चाला हातभार लागू लागला. आणि घराघरांत आया होत्याच.

मैत्रिणींनो, आई किंवा वडील गमावलेलं लेकरू आपल्याही गावात असतं. आपल्याकडे अशा मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे. अंगणवाडीताईंकडे चौकशी करा. वह्या-पुस्तकं वाटून फोटो काढणारे येतील, त्यांचेही आभार मानू. पण संध्याकाळी त्या लेकराला ‘जेवलास का?’ असं रोज कोण विचारणार, हे आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत नाव घेऊन ठरवूया.