लासिल्की आणि माझी हजेरीची वही

२०२० च्या जुलैमध्ये शाळेला कुलूप होते आणि माझा दहावीचा उर्दूचा तास घरातल्या लॅपटॉपवरून चालत होता. सुरुवातीला बत्तीस मुले दिसत, पंधरा मिनिटांत अकरा उरत. बाकीच्यांच्या नावापुढे मी 'तास सोडून गेला' असा शेरा लिहीत गेलो. आठवड्याने एका विद्यार्थिनीचा आवाजी निरोप आला, "सर, हम तो बैठेच थे. आपकी आवाजच नहीं आ रही थी."

दोष माझ्या टेबलावर होता आणि शेरे मुलांच्या नावावर पडले होते.

उर्दूत वायरलेसला 'लासिल्की' म्हणतात. शब्द अरबीतून आलेला: 'ला' म्हणजे नाही, 'सिल्क' म्हणजे तार किंवा धागा. मराठीतला 'बिनतारी' त्याच घडणीचा. तार तुटली तर लाइनमनला तुटलेले टोक तरी सापडते. लासिल्कीत टोकच नाही, त्यामुळे दोष विचारानेच शोधावा लागतो. गंमत अशी की आपल्या घरातल्या वायफायचे बहुतेक आजार जुने आहेत आणि त्यांचे उपायही.

सुरुवातीच्या बिनतारी यंत्रांत 'कोहिअरर' नावाची काचेची नळी असे. तिच्यात धातूचा कीस भरलेला. रेडिओ लहर आली की कीस एकमेकांना चिकटे आणि वीज वाहू लागे. पण लहर गेली तरी तो चिकटलेलाच राही, म्हणून प्रत्येक वेळी नळीला टिचकी मारायला एक छोटी हातोडी जोडावी लागे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लोखंड आणि पारा वापरून केलेला, आपोआप पूर्ववत होणारा कोहिअरर मांडला. आज आपण राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करतो ती एक प्रकारची टिचकीच. अडकलेले यंत्र त्याने मोकळे होते. मात्र रोज टिचकी मारावी लागत असेल, तर मूळ दुखणे दुसरीकडे आहे.

दुसरा धडा आपल्या महाराष्ट्रातला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते भारत आणि इंग्लंड यांच्यातली बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि घेणारे तिथून दूर दौंडला. प्रक्षेपक शेजारीच गरजत असेल, तर हजारो मैलांवरून आलेला क्षीण संकेत त्यात बुडून जातो. म्हणजे जागा निवडणे हे कामाचे अर्धे अंग होते. आणि मी? माझा राउटर लोखंडी कपाटामागे आणि लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे! धातू या लहरी परतवतो, जाड भिंत त्या शोषते.

तिसरा धडा गर्दीचा. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' सुरू केले. वेगवेगळ्या बेटांवरून मुख्य संगणकाशी बोलायला रेडिओची एकच सामाईक वाट होती. दोघे एकदम बोलले की दोन्ही संदेश वाया जात. मग प्रत्येकाने कमीजास्त वेळ थांबून पुन्हा पाठवायचे. १९९७ मध्ये पहिले मानक ठरलेले वायफाय आधी वाट मोकळी आहे का ते ऐकते, मग बोलते.

आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी कायद्याने यंत्र बाळगायलाही परवाना लागे. रेडिओच्या परवान्याचे पैसे पोस्टात भरल्याचे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. त्या मोकळिकीमुळेच यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या मोहल्ल्यांतही घरोघरी राउटर आले, आणि गर्दीही आली. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक मोकळा, पण भिंत ओलांडताना लवकर थकणारा.

म्हणून जोडणी तुटू लागली की क्रमाने जावे. लॅपटॉपशेजारी त्याच वायफायवर मोबाइल ठेवून पाहावा. मोबाइल नीट चालला, तर दोष लॅपटॉपचा. मग वायफाय कार्डाची वीजबचत बंद करावी, ड्रायव्हर नवा घ्यावा, जुने नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड पुन्हा टाकावा. दोन्ही अडखळले, तर राउटरजवळ जाऊन बसावे. तिथे सुरळीत चालले, तर दोष जागेचा किंवा गर्दीचा. राउटर उंच आणि मोकळ्यावर ठेवावा, चॅनेल बदलून पाहावा. तिथेही रडगाणे असेल, तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडावा. केबलवरही तुटत असेल, तरच सेवा देणाऱ्याला फोन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

मी राउटर कपाटामागून काढून खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तासाच्या शेवटी एकोणतीस मुले होती. वहीतले जुने शेरे एकेक करून खोडले आणि मुलांची माफी मागितली. निरोप पाठवणारी मुलगी त्या तासालाही होती. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की मूल गप्प बसले, तर आधी आपले शिकवणे तपासावे. आता त्यात आपला राउटरही तपासावा, एवढी भर मी माझ्यापुरती घातली आहे.