बांधाआडचं गाव आणि पुराचा विमा

विमा म्हटलं की आपल्या गटांत दोन प्रश्न हमखास निघतात. हप्ता किती, आणि वेळेला पैसे हातात पडतात का? आज आम्ही तिसरा प्रश्न घेऊन आलो आहोत. पुराच्या विम्याच्या एका नियमामुळे अख्खं गाव टेकडीवर जाऊन बसतं, असं होऊ शकतं का? झालंय. त्यासाठी जरा लांब, अमेरिकेत जाऊ या.

अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात इलिनॉय नावाचं राज्य आहे. त्यात मिसिसिपी नदीच्या काठाला मन्रो काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला चुनखडीचे उंच कडे आणि मधे काळ्याभोर गाळाची पट्टी. मका आणि सोयाबीनचं रान. अशी जमीन कोण सोडणार? आपल्या कृष्णाकाठच्या मळीच्या रानासारखंच ते. जी नदी पिकवते, तीच बुडवते.

ही ओढ तिथे जुनी आहे. शेजारच्याच काउंटीत कास्कास्किया नावाचं गाव आहे. तीनशे वर्षांपूर्वी तिथे फ्रेंच लोक येऊन राहिले. १८१८ साली इलिनॉय राज्य झालं, तेव्हा त्याची पहिली राजधानी हेच गाव. पण १८८१ मध्ये मिसिसिपीने पात्र बदललं आणि जुनं गाव गिळलं. उरलंसुरलं गाव नदीच्या दुसऱ्या तीरावर गेलं. आजही तिथल्या माणसांना आपल्याच राज्यात यायचं तर शेजारच्या राज्यातून वळसा घालावा लागतो. इतकं डोळ्यांसमोर घडूनही लोक पट्टीतच राहिले. त्यांना नावं ठेवायचा आमचा हेतू नाही. पोट जिथे भरतं, तिथेच माणूस घर बांधतो.

मन्रो काउंटीत या पट्टीत, कड्याच्या पायथ्याशी व्हालमायर हे गाव होतं. वस्ती नऊशेच्या आसपास. १९४३, १९४४ आणि १९४७ असा चार-पाच वर्षांत तीनदा तिथे पूर आला. मग सरकारने नदीकाठचा मातीचा बांध वाढवून उंच केला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं गावात पाणी शिरलं नाही. सासूने पूर पाहिलेला, सुनेने फक्त ऐकलेला, आणि नातीला तर ती आजीची गोष्टच वाटायची. आमच्या मते खरा धोका इथेच तयार झाला. बांधाने पाणी अडवलं, पण त्याबरोबर पाण्याची आठवणही अडवली.

आता विम्याकडे येऊ. अमेरिकेत घराचा साधा विमा जवळजवळ प्रत्येकाकडे असतो. आग लागली, वादळात छप्पर उडालं, तर भरपाई मिळते. पण त्यात पूर धरत नाहीत. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला, त्यानंतर खासगी विमा कंपन्यांनी पुरातून अंगच काढून घेतलं. पूर येतो तेव्हा एकाचं नाही, सगळ्या गावाचं घर बुडतं, मग कोणाच्या हप्त्यातून कोणाला द्यायचं? म्हणून १९६८ साली सरकारने स्वतःची पूरविमा योजना काढली. (आपल्याकडे उलटं आहे. घराच्या विम्यात पूर बहुधा धरलेला असतो, पण गावाकडे घराचा विमा काढतंय कोण!)

ही योजना सरसकट नव्हती. आधी काउंटीने किंवा गावाने नियम मान्य करायचे, तरच तिथल्या माणसांना विमा मिळणार. सरकार नकाशा काढतं आणि त्यावर पुराची रेषा आखतं. त्या रेषेच्या आत कुठल्याही एका वर्षी पूर येण्याची शक्यता शंभरात एक धरतात. लोक त्याला शंभर वर्षांचा पूर म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत. तसं नाही. दरवर्षी सोंगटी नव्याने पडते. तीस वर्षांचं घरकर्ज काढलं, तर ते फिटेपर्यंत एकदा तरी पूर येण्याची शक्यता चारांत एक होते. आपल्या महाराष्ट्रातही पाटबंधारे खातं अशा पूररेषा आखतं. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची.

१९७३ पासून तिथे आणखी एक कायदा आला. रेषेच्या आतल्या घरावर बँकेचं कर्ज असेल, तर पूरविमा सक्तीचा. पण कर्ज फिटलं की सक्ती संपली. वाडवडिलांचं घर असेल, तर ती मुळातच नव्हती. आणि समोर एवढा मोठा बांध दिसत असताना दरवर्षी हप्ता भरायचा कशाला, असं कितीतरी घरांत ठरलं. घरखर्चातून पहिली काट कशाला लागते, ते आपल्याला सांगायला नको.

१९९३ चा उन्हाळा आला. आठवड्यामागून आठवडे पाऊस. वरच्या अंगाला सेंट लुईस शहरापाशी नदीची धोक्याची पातळी ३० फूट आहे. १ ऑगस्टला पाणी साडेएकोणपन्नास फुटांवर गेलं. व्हालमायरची माणसं वाळूची पोती रचून थकली. त्यांच्या समोरचा बांध टिकला, पण उत्तरेकडचा फुटला आणि पाणी बांधाच्या आतल्या बाजूने गावावर आलं. नदीचं पाणी बाहेर ठेवायला बांधलेल्या बांधानेच मग ते आत कोंडून ठेवलं. सप्टेंबरात ते पुन्हा चढलं. माणसं आधीच बाहेर पडली होती, म्हणून वाचली. घरं मात्र आठवडेच्या आठवडे पाण्यात राहिली.

त्या वर्षी मधल्या मुलखात पूररेषेच्या आत जेवढ्या इमारती होत्या, त्यांतल्या दहांत एक-दोघींनाच पूरविमा होता, असा जाणकारांचा अंदाज आहे. पाणी वरच्या गावात आल्याची बातमी ऐकून काहींनी घाईने विमा काढला होता. तेव्हा विमा पाच दिवसांत लागू व्हायचा. हे बघून सरकारने १९९४ मध्ये ती मुदत तीस दिवसांची केली. आता ढग बघून विमा काढता येत नाही.

पाणी ओसरल्यावर व्हालमायरच्या लोकांसमोर निम्म्याचा नियम उभा राहिला. पुराने घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त नुकसान झालं असेल, तर ते घर पहिल्यासारखं बांधता येत नाही. एक तर पुराच्या पातळीच्या वर उचलून बांधायचं, नाही तर तिथून हलायचं. गावाने हा नियम डावलला, तर सगळ्यांचाच विमा जायचा. व्हालमायरमधली दहांतली नऊ घरं या निम्म्याच्या पलीकडे गेली होती. खांबांवर दुमजली उंचीची घरं बांधून म्हाताऱ्या माणसांनी रोज जिने चढायचे का? की जिकडे वाट फुटेल तिकडे पांगायचं?

डेनिस नोब्लॉक तेव्हा तिथले मेयर, म्हणजे आपल्या भाषेत सरपंच. गावाने बैठका घेतल्या, मत घेतलं, आणि बहुसंख्य लोकांनी कौल दिला की जायचं तर सगळ्यांनी मिळून. दोनेक मैलांवर, जुन्या गावापेक्षा सुमारे ४०० फूट उंच कड्यावर ५०० एकर रान गावाने विकत घेतलं. रस्ते, शाळा, देवळं कुठे, हे ठरवायला गावकऱ्यांच्या समित्या बसल्या. सरकारने जुनी घरं पुरापूर्वीच्या किमतीने घेतली. इथे एक बारकावा आहे. दुरुस्तीसाठी मिळालेला विम्याचा पैसा त्या किमतीतून वजा व्हायचा, मात्र तो दुरुस्तीवरच खर्च झाल्याच्या पावत्या असल्या तर नाही. पावत्यांचा डबा ज्या घरात नीट होता, त्या घराचा तिथे फायदा झाला.

नवं गाव उभं राहायला दोन-तीन वर्षं गेली. तोवर कुटुंबं सरकारने दिलेल्या फिरत्या घरांत राहिली. काही जण कंटाळून दुसरीकडे गेले, काहींनी खालचं घर सोडलंच नाही. तरी आज वरच्या व्हालमायरची वस्ती जुन्यापेक्षा जास्त, बाराशेच्या पुढे आहे.

काउंटीचा प्रश्न तिथे संपला नाही. २००७ मध्ये सरकारने सांगितलं की मन्रो आणि जवळच्या दोन काउंट्यांतल्या मोठ्या बांधांची खात्री आता देता येत नाही. खात्री गेली की बांधाआडची घरं नकाशात धोक्याच्या रेषेत येणार आणि विमा सक्तीचा होणार, तोही महाग. मग तिन्ही काउंट्यांनी बांध दुरुस्त करायला विक्रीकर लावला, शंभर डॉलरच्या खरेदीमागे पाव डॉलर. तो सगळ्यांनीच भरायचा होता. ज्यांच्या दारात कधी पाणी येणार नाही, अशा उंचावरच्या लोकांनीही.

खालच्या जुन्या व्हालमायरमध्ये सरकारने घेतलेल्या जागांवर आज गवत आहे. त्या जागा कायमच्या मोकळ्या ठेवायच्या, तिथे पुन्हा घर बांधायचं नाही, असं त्यांच्या खरेदीखतातच लिहिलेलं आहे.