वस्तादाचा देह आणि वस्तादाचे व्रत

झाशीच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर बबीना ही लष्करी छावणी आहे. भारतीय सैन्यात शारीरिक शिक्षण देणाऱ्याला आजही ‘उस्ताद’ म्हणून संबोधतात. मराठी तालमीत हाच शब्द ‘वस्ताद’ होऊन रुळला. मैदानावर असो की आखाड्यात, या शब्दाच्या अर्थात शिकविणे आणि करणे यांची फारकत नाही. जो जोर काढावयास सांगतो, त्याने ते स्वतः काढलेले असतात, हे त्यात गृहीत आहे. आरोग्याचा उपदेश करणाऱ्याने स्वतः निरोगी जीवनाचा कित्ता घालून द्यावा काय, हा प्रश्न म्हणूनच आपल्याकडे दीर्घकाळ विचारलाही गेला नाही. तो उपस्थित होण्यास इतिहासात काही बदल घडावे लागले.

बबीनाचा हा परिसर मराठी वाचकाला परका नाही. नारोशंकरांनी १७४२ च्या सुमारास झाशीची वस्ती वाढविली, पुढे नेवाळकरांनी ती सांभाळली. १८५८ च्या वेढ्याच्या वेळी झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. त्यात राणी लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमाचे वर्णन येते आणि त्या दिनक्रमात मलखांबाला व घोड्याला मानाचे स्थान आहे. राणीचे बालपण गेले ब्रह्मावर्तास, दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला. बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी मलखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा सांगते. ही विद्या त्या काळी पोथीत नव्हती. पकड कोठे घट्ट करावी, श्वास केव्हा सोडावा, हे गुरूच्या देहाकडे पाहूनच कळावयाचे. वस्तादाचे उदाहरण ही तेव्हा नीतीची बाब नव्हती; ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याचा तो एकमेव मार्ग होता.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. मद्रासेत १९२० साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड प्रकाशित झाले. शास्त्र कागदावर उतरले, अभ्यासक्रम ठरले, प्रमाणपत्रे आली. या घडामोडींनी व्यायामाला प्रतिष्ठा दिली, यात शंका नाही. तथापि त्यांनी एक नवी शक्यताही निर्माण केली : व्यायाम जाणणारा पण न करणारा शिक्षक. कोरडा पाषाण राहून ब्रह्मज्ञान सांगण्याची सोय या क्षेत्रात प्रथमच झाली आणि आचरणाचा प्रश्न नीतीचा प्रश्न म्हणून पुढे उभा राहिला.

या प्रश्नाला सर्वांत ठाम उत्तर दिले औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी. १८९७ साली त्यांनी सँडो या युरोपीय मल्लाची साधने मागविली व दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि ते व्रत त्यांनी आयुष्यभर सांभाळले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांचा प्रसार लंडनपर्यंत नेला. त्यांच्या शब्दाला वजन होते ते ते राजे होते म्हणून, तसेच पोरांना जे करावयास लावीत ते स्वतः करीत म्हणून. परंतु औंधचे उदाहरण आपल्याला एका अडचणीकडेही नेते. सत्ताधाऱ्याचा कित्ता हा कित्ता राहत नाही, तो हुकूम होतो. ज्या मुलाने नमस्कार घातले त्याला राजाची तळमळ पटली, की शाळेची सक्ती जाणवली, हे वेगळे करून पाहणे कठीण आहे. शिवाय एका निष्ठावंत पुरुषाचे उत्तम आरोग्य हा त्याच्या पद्धतीचा पुरावा ठरत नाही. त्या आरोग्यामागे सकस आहार, निश्चिंती, आनुवंशिकता यांचाही वाटा असू शकतो.

हा दुसरा आक्षेप स्वामी कुवलयानंदांनी नेमका ओळखला. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे बडोद्यास प्रो. माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले; म्हणजे वस्तादांच्या परंपरेचेच वारस. स्वतःचे शरीर दाखवून त्यांना शिष्य मिळविता आले असते. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, उड्डियान व नौली करताना पोटातील दाबात होणारे बदल उपकरणांनी मोजले, क्ष-किरणांचा आधार घेतला आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात मांडले. ते स्वतः साधक होतेच, पण साधना आणि सिद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान त्यांनी सोडले नाही. गुरूचे आचरण शिष्याच्या मनात विश्वास निर्माण करते. पद्धत खरी की खोटी हे मात्र परीक्षेनेच ठरते.

या इतिहासातून आजच्या शिक्षकाविषयी एक विवेक हाती येतो. त्याच्याकडून आपण मागावयाचे ते काय? सुघटित देह मागणे अन्यायाचे आहे. मधुमेह, गुडघ्याचे दुखणे, वाढते वय यांपैकी काहीही प्रामाणिक माणसाच्या वाट्याला येते. हौद्याच्या काठावर बसून पोरांच्या चुका टिपणाऱ्या वृद्ध वस्तादाला तालमीने कधी नालायक ठरविले नाही. त्याच्या थकलेल्या देहामागे आयुष्यभराची मेहनत आहे, हे तिला ठाऊक होते. स्थूल शिक्षकाची टिंगल करणारे आपण ही समज गमावून बसलो आहोत. उलट, पिळदार दंड दाखवीत मैदानाबाहेर तंबाखू मळणारा तरुण शिक्षक आपल्याला खटकत नाही. खटकावयास हवा तो तोच. कारण मुले त्याचा देह पाहतात तसा त्याचा मोकळा वेळही पाहतात.

तेव्हा शिक्षकाने आदर्श घालून द्यावा काय, याला ‘होय’ हेच उत्तर आहे. मात्र तो आदर्श देहाचा नव्हे, व्रताचा. आपल्या प्रकृतीला जेवढे झेपेल तेवढे नित्य करणे, जे होत नाही ते न लपविणे आणि आपल्या अनुभवाला शास्त्राचा दर्जा न देणे, एवढे ज्याला साधले त्याने विद्यार्थ्याला जोरबैठका कराव्यात असे खुशाल सांगावे. त्याच्या सांगण्यात खोट राहणार नाही.