पानाची मांडणी : पोथीपासून छापील पृष्ठापर्यंत

आमची या शहरी बदली झाली, त्या वर्षी मंडळाच्या संक्रांत-संमेलनाचे निमंत्रण येथील एका हिंदी छापखान्यात छापले गेले. तेथील खिळ्यांत 'ळ' नव्हता. सबब 'तिळगूळ' हा 'तिलगूल' झाला. त्याचे हसू आले. परंतु सर्व मजकूर एकाच आकाराच्या अक्षरांत दाटून बसविल्याने तारीख गर्दीत हरवली आणि काही कुटुंबे दुसऱ्या दिवशी येऊन बंद सभागृहाच्या दारातून परतली, त्याचे मात्र हसू आले नाही. पानाची मांडणी ही शोभेची नव्हे, वाचकाच्या सोयीची बाब आहे, हे तेव्हा आम्हांस उमगले. मराठी मुद्रणाचा इतिहासही हेच सांगतो.

जुन्या पोथ्यांत शब्द एकमेकांस जोडून लिहीत. तरीही लेखनिक दोन्ही बाजूंस प्रशस्त समास सोडी, दंड व अध्यायसमाप्ती तांबड्या शाईने दाखवी, चुकलेल्या अक्षरावर हरताळ फाशी आणि गळलेला शब्द समासात लिही. मोकळी जागा वाया जात नाही, हा धडा तेथलाच.

१८०५ साली श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले आणि देवनागरी खिळे मराठीच्या सेवेस लागले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. संबंधित गोष्टी जवळ ठेवाव्यात, हे तत्त्व त्यात सहजच साधले होते.

या कलेस खरी प्रतिष्ठा दिली ती जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याने. राणोजी रावजी आरू यांच्या कुशल हातांनी तेथील अक्षरांस वळण दिले. तेथील संस्कृत ग्रंथ उघडावा : मूळ श्लोक ठळक, टीका बारीक अक्षरांत, पाठभेद तळाशी. काय आधी वाचावे, हे विचारावे लागत नाही. अक्षरांचा आकारच ते सांगतो.

देवनागरीची एक निराळी गरजही आहे. तिच्या मात्रा व वेलांट्या शिरोरेषेवर, तर उकार अक्षराखाली. रोमन अक्षरांच्या हिशेबाने ओळी जवळ आणल्या, की वरचा उकार खालच्या वेलांटीस भिडतो. देवनागरी मुद्राक्षरांचा सांगोपांग विचार करणारा बापूराव नाईक यांचा इंग्रजी ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला, तो आमच्या स्मरणिका-समित्यांनी अवश्य चाळावा.

आज संगणकावर 'ळ' आहे, अक्षरवळणेही हवी तितकी आहेत. म्हणूनच संयम हवा. एका पानास दोन वळणे पुरेत, शीर्षक ठसठशीत असावे, ओळींत श्वास घेण्यापुरती जागा असावी. मंडळातील आमच्या मुलांनी मराठी शाळेत नव्हे, घरीच गिरविली आहे. अडखळत वाचणाऱ्या त्या डोळ्यांस मराठी पान आपलेसे वाटले, तर ते पुढचे पान उलटतील. सुवर्णमहोत्सवी अंकाकडून आमची एवढीच अपेक्षा आहे.